मधाच्या बाजरीचे वर्ष

ज्या काळी राजे मेले की त्यांची नावेही मरत आणि माळावरच्या वाटा माणसांपेक्षा शेळ्यांना जास्त ठाऊक असत, त्या काळची ही गोष्ट आहे. मुलांनी ऐकावी. मोठ्यांनी जरा जास्त लक्ष देऊन ऐकावी.

एका पठाराच्या पायथ्याशी बाजरी पिकवणारे एक गाव होते. माती हलकी, पाऊस थोडा. बाजरी सोडून तिथे दुसरे काही धड येत नसे. सकाळी भाकरी, दुपारी भाकरी, आजाऱ्याला बाजरीच्या पिठाची पेज. त्या गावात एक जुना नेम होता. शेतात जे आपणहून येते ते देवीचे देणे, त्याला नावे ठेवायची नाहीत आणि त्याची चौकशीही करायची नाही. या नेमाने त्यांचे कधी काही बिघडले नव्हते, म्हणून तो नेम खरा आहे असे सगळे समजत.

एका वर्षी बाजरी फुलोऱ्यात आली आणि आभाळ भरून राहिले. पाऊस जोराचा नव्हता, पण ऊनही नव्हते. ढग खाली उतरून कणसांवर बसले होते जणू. मग एके दिवशी कणसांतून रस गळू लागला. गुलाबीसर, चिकट, गोड. पोरांनी बोटे लावून चाटून पाहिला आणि ओरडत गावात आली, "कणसाला मध आलाय! कणसाला मध आलाय!"

गावाने देवीची ओटी भरली. म्हातारी माणसे म्हणाली, "आमच्या आज्यानंही असं साल बघितलं नव्हतं." त्या वर्षाला सगळे मधाचे वर्ष म्हणू लागले. पुढे रस वाळला. त्या जागी काळपट, लांबट दाणे आले. मळणीत ते बाकीच्या दाण्यांत मिसळून गेले. भाकरीत काळे ठिपके दिसू लागले, तेव्हा बायका म्हणाल्या, "मध करपलाय जरासा." आणि हसल्या.

आधी एक मेंढपाळ जेवल्यावर भोवळ येऊन बसला. त्याला ओकारी झाली आणि तो झोपला. बायकोने त्याची थट्टा केली, "देवीचा मध जास्त झाला वाटतं!" पण तो दुसऱ्या दिवशीही उठला नाही. श्वास चालू होता, अंग गरम होते. हलवले की पापण्या अर्ध्या उघडत, आतले पांढरे दिसे आणि पुन्हा मिटत. मग एक सून झोपली, मग एक सुतार, मग एकाच घरातली दोन भावंडे. भर दुपारी गावातून चालत गेले तर दारादारांतून नुसते घोरणे ऐकू यायचे. कुत्री अंगणात उभी राहून आत पाहत, पण उंबरा ओलांडत नसत.

झोपलेल्यांची ताकद टिकावी म्हणून घरची माणसे त्यांना मांडीवर घेऊन शिंपलीने पेज पाजत. मधाच्या बाजरीची पेज. त्याहून चांगले गावात काही नव्हते.

गावाने विहीर उपसली, भगताला बोलावले, वेशीबाहेर उतारा ठेवला. काही उपयोग झाला नाही. तेव्हा सगळ्यांनी एका माणसाकडे पाहिले.

त्याला गाव पोथीदादा म्हणत असे. गावात वाचता येणारी माणसे दोनच होती, तो आणि त्याची धाकटी बहीण साळू. दोघांना वडिलांनी शिकवले होते. साळू एकेका ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचायची आणि कामापुरते वाचून पोथी बांधून ठेवायची. दादाचे तसे नव्हते. तो मिठाच्या पुडीचे पानही सोडत नसे. जे हाताला लागेल ते वाचायचा आणि वाचलेले त्याला शब्द न् शब्द पाठ राहायचे. गावाला त्याचा अभिमान होता. त्यालाही स्वतःचा थोडा होता.

पठारावर पोथ्यांचे घर होते. कोण्या जुन्या राजाने ते बांधले होते. जगात जे जे लिहिले गेले ते सगळे वाचीन, असे म्हणून तो आत गेला होता. त्याचा मुलगा राजा झाला, नातू राजा झाला, तो वंशही संपला. लोक म्हणत, तो अजून वाचतो आहे.

"दादा, तिथं जा," पाटील म्हणाले. "हा झोपेचा रोग कशानं झाला ते बघ आणि माघारी ये."

"पाटील, एवढं ज्ञानाचं घर, आणि एकाच प्रश्नासाठी जायचं?" पोथीदादा म्हणाला. "समुद्रावर जाऊन ओंजळभर पाणी आणण्यातला प्रकार झाला. मी सगळंच वाचून येतो. मग हेच काय, पुढच्या कुठल्याच संकटाला गाव अडायचं नाही."

लोकांना ते पटले. चांगलेच होते ते बोलणे. फक्त साळू म्हणाली, "दादा, आधी झोपेचं बघ रे."

"बघतो गं. ते काय, वाटेतच सापडेल."

तो गेला. वाटेकडे पाहून गावाचे डोळे शिणले. तो आला नाही. मेंढपाळ मेला. त्या दोन भावंडांतले एक मेले. आणि एका सकाळी साळूची मुलगी ठमी चुलीपुढे बसल्या बसल्या कलंडली. हातात भाकरीचा तुकडा तसाच होता.

साळूला नवरा नव्हता आणि दुसरे मूल नव्हते. तिने ठमीला अंथरुणावर निजवले, शेजारच्या जिजीला बोलावले आणि म्हणाली, "जिजी, मी पठारावर जाते. माझी पोर सांभाळ."

"अगं, दादासारखा माणूस गेला तो आला नाही. तू जाऊन काय करणार?"

"दादा काय करतोय ते तरी कळेल."

"बरं, जा बाई. पोरीची काळजी नको करू. सकाळ-संध्याकाळ वाटीभर पेज पाजीन. उपाशी नाही ठेवायची तिला."

"देवीच तुझ्या रूपानं आली बघ," साळू म्हणाली आणि निघाली.

वाटेवर तिने स्वतःशी एकच वाक्य धरले. ठमी का उठत नाही? चढ चढताना ती ते ओठांत म्हणत राहिली. वाटेत बोरी पिकल्या होत्या, त्या तिने पाहिल्या नाहीत.

पठारावर वारा होता, पण पोथ्यांच्या घराजवळ पोहोचताच तो थांबला. घर काळ्या दगडाचे आणि बुटके होते. त्याला दार नव्हते, नुसता उंबरा होता. उंबऱ्यावर एक म्हातारी केरसुणी फिरवत होती. तिने काढलेला केर साळूने पाहिला. त्यात कागदाचे कपटे होते, आणि नखे होती. माणसांची.

म्हातारीने मान वर केली नाही. "काय न्यायला आलीस?" तिने विचारले.

"माझी मुलगी का उठत नाही, ते."

"आणखी?"

"आणखी काही नाही, आजी."

"जा मग. काय न्यायचं ते ओठांत धरून ठेव, सुटू देऊ नकोस. आतली हवा गोड आहे."

"आजी, माझा भाऊ आलाय इथं. त्यानं काय सांगितलं होतं?"

"तो म्हणाला, आत काय काय आहे ते बघतो." म्हातारीने केर एका कडेला ओढला. "तसे सगळेच म्हणतात. बघत बसलेत."

आत दिवा नव्हता, खिडकी नव्हती, तरी वाचण्यापुरता उजेड होता. तो कुठून येतो ते कळत नव्हते. जिथे नजर जाईल तिथे फडताळे होती, फडताळांत लाल-पिवळ्या फडक्यांत बांधलेल्या पोथ्या होत्या, आणि फडताळांच्या मधल्या बोळांत माणसे बसली होती. प्रत्येकाच्या मांडीवर पोथी होती. कोणी बोलत नव्हते. सगळे ओठांतल्या ओठांत वाचत होते, आणि त्या शेकडो ओठांचा मिळून एक आवाज होत होता. पिंपळाखाली उभे राहिल्यावर वारा नसतानाही होतो, तसा.

साळू एकाच्या जवळून गेली. त्याच्या खांद्यांवर बोटभर धूळ होती. त्याचा कान पातळ होऊन पारदर्शक झाला होता आणि त्यावर बारीक अक्षरे उमटली होती. पुढच्या बाईची वेणी सुटून सुताची झाली होती, पोथी शिवायचे असते तसले सूत. एका कोपऱ्यात एक माणूस पाठ भिंतीला लावून बसला होता. पाठ आणि भिंत यांच्यामध्ये आता फट उरली नव्हती. त्याच्या डोक्यावर मुकुट होता आणि मुकुटात कोळ्याने जाळे विणले होते. त्याचे ओठ हलत होते.

"ठमी का उठत नाही?" साळू पुटपुटली आणि पुढे गेली.

"नवीन दिसतेस," कोणीतरी म्हणाले.

तिने इकडेतिकडे पाहिले. जवळच्या पोथीच्या कडेवर एक कसर बसली होती. पोथ्या खाणारा तो चंदेरी किडा असतो ना, तीच. पण ही चांगली करंगळीएवढी होती.

"काय हवंय, विचार," कसर म्हणाली. "लाजू नकोस. या घरातली प्रत्येक पोथी मी खाल्लीय. या वाचणाऱ्यांहून माझा अभ्यास जास्त."

साळूला धीर आला. "मग सांग गं. आमच्या गावात माणसं झोपतात आणि उठत नाहीत. कशानं?"

कसरीने मिशा हलवल्या. बराच वेळ हलवल्या. "झोपेची पोथी... हो, खाल्लीय की. कागदावरची खळ जरा आंबट होती तिची."

"पण तिच्यात लिहिलं काय होतं?"

"लिहिलं?" कसर म्हणाली. "बाई, मी चवीचं सांगते, आणि तू लिहिल्याचं विचारतेस. इतकं सगळं पोटात गेल्यावर कोण लक्षात ठेवतं?"

आणि ती फटीत सरकली.

साळूने फडताळातून एक पोथी काढली. तिच्यात सुताला मंजिष्ठेचा रंग कसा द्यावा ते होते. तिने ती ठेवली. दुसरीत पक्ष्यांच्या घरट्यांवरून पावसाचा अंदाज कसा घ्यावा ते होते. ते गावाला उपयोगाचे होते. तिचे बोट दोन ओळी पुढे गेलेही. मग ओठांना आठवले आणि तिने पोथी मिटली. तिसरी पोथी तिने हात लावण्याआधीच फडताळातून थोडी पुढे आली होती.

ती तिने उघडली. तिच्यात जात्यावरच्या ओव्या होत्या. आणि पहिल्याच पानावर एक ओळ होती:

*शेवग्याच्या गं झाडाला शेंगा लागल्या लांब लांब...*

ही ओवी साळूची आई म्हणायची. आई गेली तेव्हा साळू लहान होती. ओवीची पहिली ओळ तिला आठवायची, दुसरी कधीच आठवली नव्हती. दळताना किती वेळा तिने ती पहिली ओळ म्हणून जाते तसेच फिरवत ठेवले होते, की पुढची आपोआप येईल. आली नव्हती. आता ती इथे होती, बोटाच्या खाली, पानाच्या खालच्या अर्ध्यात. आणि त्या पानातून दळलेल्या पिठाचा ताजा वास येत होता.

तिने बोट खाली नेले नाही. बोट जाऊ पाहत होते, तिने ते दुसऱ्या हाताने धरले.

एक ओळ वाचली तर काय होते? एकच तर आहे. पण साळूने शेजारी पाहिले. तिथे एक तरुण बसला होता. त्याच्याही मांडीवर पहिलेच पान उघडे होते, आणि त्याची बोटे पानात नखापर्यंत रुतली होती. तोही कधीतरी एकच ओळ वाचायला बसला असेल.

"आई, तुझं नंतर," साळू म्हणाली. पोथी तिने फडक्यात बांधली आणि गाठ नीट मारली. डोळे पुसले नाहीत. हात पोथी परत फडताळात ठेवत होते.

मग तिने पोथ्यांकडे पाहणे सोडले आणि भावाला शोधू लागली. ज्याने सगळे वाचले त्याला विचारावे, हे बरे.

तो आतल्या बाजूला सापडला. तिने त्याला आवाजावरून ओळखले. पाठ ताठ झाली होती, पोथीला वरखाली फळ्या असतात तशी. दंडावरच्या शिरा काळ्या शाईच्या रेघांसारख्या दिसत होत्या.

"दादा!"

"हं. बस," तो म्हणाला. डोळे पानावर होते. "हे पान संपू दे."

"दादा, मी साळू."

"हो गं, ओळखलं की. किती छान झालं आलीस. इथं हत्तींच्या रोगांवर जे लिहिलंय ना, ते तू ऐकच."

"मेंढपाळ मेला, दादा. गावात निम्मी घरं झोपलीत. माझी ठमी झोपलीय."

"झोप!" दादाचा चेहरा उजळला. "झोपेबद्दल इथं इतकं आहे! माशांची झोप, साधूंची झोप, गर्भातल्या बाळाची झोप..."

"ठमी का उठत नाही? ते सापडलं का?"

"सगळं सापडलं," तो म्हणाला. "काय नाही सापडलं ते विचार." आणि तो म्हणू लागला. वाचलेले सगळे त्याच्या तोंडून एकामागून एक येऊ लागले. आवाज चढत नव्हता, उतरत नव्हता.

साळूने त्याला थांबवायचा प्रयत्न केला, पण तो थांबेना. तेव्हा ती त्याच्यासमोर मांडी घालून बसली. डोळे मिटले. आपला प्रश्न तिने धारेखाली चाळण धरावी तसा धरला आणि भाऊ जे ओतत होता ते त्यातून जाऊ दिले. खरे मोती कसे ओळखावेत, ते गेले. ग्रहणात कोणते मंत्र म्हणावेत, ते गेले. उटण्यात वाळा किती घालावा, कोणत्या राजाला किती राण्या होत्या, घोड्याचे वय दातांवरून कसे काढावे, सगळे गेले. तिची मांडी बधिर झाली. तहान लागली. तिने काही धरले नाही.

"...विंचू स्वतःला डसत नाही," दादा म्हणत होता, "ज्या साली ढग बाजरीच्या फुलोऱ्यावर बसून राहतात, त्या साली कणसांतून गोड रस गळतो. त्याला मुंग्या लागतात. पुढे त्याचे काळे दाणे होतात, उंदराच्या लेंडीसारखे. ते पोटात गेले की भोवळ येते, ओकारी होते आणि झोप लागते. खाणे थांबवल्याशिवाय ती झोप सुटत नाही. अशी बाजरी खारट पाण्यात टाकावी. काळे दाणे वर तरंगतात, चांगले तळाशी बसतात. राजहंसाच्या पिसाला निळा रंग द्यायचा तर..."

"थांब!" साळू ओरडली.

भोवतालच्या वाचणाऱ्यांचे ओठ क्षणभर थांबले. घरात शांतता झाली, आणि मग पुन्हा तो पिंपळाचा आवाज सुरू झाला.

"दादा, मागं जा. बाजरीचं पुन्हा सांग."

"मागं कशाला? पुढं बरंच आहे."

"बाजरीचं सांग म्हणते ना!"

त्याने सांगितले. एक शब्दही चुकला नाही.

"हे तू कधी वाचलंस?"

"हे? आलो तेव्हाच. पहिल्याच फडताळात होतं."

साळू हळू म्हणाली, "दादा, ही आपली बाजरी आहे."

"आपली?"

"मधाची बाजरी. तूही तर बोट लावून चाटला होतास मध. आठवतं का?"

दादाने पहिल्यांदा पानावरून डोळे उचलले. त्या डोळ्यांत काहीतरी खोलवरून वर येत होते. "कणसाला मध आला होता," तो म्हणाला. "हो. आला होता, नाही का." त्याच्या गालावरून एक थेंब ओघळला. तो शाईसारखा काळा होता. "साळू, हे मी वाचलं होतं गं. वाचलं, छान वाटलं, आणि पान उलटलं."

"चल. ऊठ."

तो उठू लागला. पाठ करकरली. पण उजव्या हाताचे बोट पानापासून सुटेना. साळूने त्याचे मनगट धरून ओढले, तेव्हा कागद फाटायला लागल्यावर होतो तसा आवाज झाला आणि दादा कळवळला. त्याची नजर पुन्हा पानावर गेली. तिथून ती हलली नाही. चेहऱ्यावरचे दुःख हळूहळू निवळले, पाटीवरचे अक्षर ओल्या फडक्याने पुसावे तसे.

"तू हो पुढं," तो म्हणाला. "एवढं पान संपवून आलोच."

"दादा, बोट तोडावं लागलं तर तोडू, पण चल!"

"आलोच म्हणतो ना."

आणि त्याच क्षणी साळूला जिजी आठवली. सकाळ-संध्याकाळ वाटीभर पेज. उपाशी नाही ठेवायची तिला. जिजी शब्दाची पक्की होती. आत्ता या घटकेला ती ठमीचे डोके मांडीवर घेऊन, मायेने, शिंपली तिच्या ओठांना लावत असेल.

साळूने भावाचा हात धरला होता. तो तिने सोडला. त्या हाताला ते कळलेही नाही.

ती धावली. दोन्ही बाजूंच्या फडताळांतून पोथ्या पुढे सरकत होत्या, फडकी आपोआप सुटत होती. कुठून पिठाचा वास येत होता. तिने बाजूला पाहिले नाही. ओठांत आता प्रश्न नव्हता, उत्तर होते.

उंबऱ्यावर म्हातारी केरसुणी आडवी धरून उभी होती. "काय नेतेस?"

"मिठाचं पाणी."

"आणखी?"

"एवढंच."

म्हातारी बाजूला झाली. साळू उंबरा ओलांडून वळली. "आजी, माझ्या भावाला सोड. पाया पडते."

"मी कोणाला धरलंय, बाई?" म्हातारी म्हणाली. "त्याला मी हेच विचारते, काय नेतोस. तो सांगायला लागतो. अजून त्याचं सांगून संपलेलं नाही."

साळू उतारावरून पळत सुटली. पडली, उठली, पुन्हा पळाली. गावात शिरली तेव्हा दिवस मावळतीला झुकला होता. जिजीच्या मांडीवर ठमीचे डोके होते. शिंपली भरलेली होती.

साळूने जिजीच्या हाताला हिसडा दिला. पेज भिंतीवर सांडली.

"अगं, भूतबाधा झाली का तुला?" जिजी किंचाळली. "देवीच्या अन्नाला लाथाडतेस?"

तिच्या ओरडण्याने जागी होती तेवढी माणसे अंगणात जमली. पाटील पुढे झाले. "साळू, दादा कुठं आहे?"

"पाटील, नंतर. आधी घंगाळभर पाणी आणा. आणि खडेमीठ. घरात असेल तेवढं."

पाणी आले. तिने हात चरचरेल इतके ते खारट केले. मग कणगीतली बाजरी सुपाने त्यात ओतली आणि हाताने ढवळली. लोक वाकून पाहू लागले.

सोनेरी-करडे दाणे खाली गेले. आणि पाण्यावर हळूहळू एक काळी साय धरली. लांबट, वाकडे दाणे एकमेकांना चिकटून तरंगत होते.

"हा आपला मध," साळू म्हणाली. "हाच आपण खाल्ला. आणि जे झोपले त्यांना मांडीवर घेऊन पाजला."

जिजीचा झोपलेला नवरा आदल्या दिवशीच, तिच्या हातची पेज पिऊन, मेला होता. ती आपल्या हातातल्या शिंपलीकडे पाहत राहिली. साळूने तिच्या हातातून शिंपली काढून घेतली आणि तिला जवळ धरले. देवीच्या देण्याची चौकशी करायची नाही, हे त्या अंगणात कोणी पुन्हा म्हणाले नाही.

घरोघर घंगाळे भरली. काळे दाणे काढून खड्ड्यात पुरले. बाजरी गोड्या पाण्याने धुऊन वाळत घातली. झोपलेल्यांना ताकाखेरीज काही द्यायचे नाही असे ठरले. सगळे वाचले नाहीत. ज्यांना फार मायेने आणि फार पाजले होते, ते गेले.

ठमी एका दुपारी उठली. आधी बोटे हलली, मग तिने कूस बदलली, मग डोळे उघडून आढ्याकडे पाहत म्हणाली, "आये, भूक लागलीय."

साळूने तिला धुतलेल्या बाजरीची भाकरी कुस्करून दिली. ठमीने ती सगळी खाल्ली आणि इकडेतिकडे पाहिले.

"मामा आला का?"

"नाही गं. मामा वाचतोय."

"काय वाचतोय?"

"सगळंच," साळू म्हणाली आणि रिकामे ताट उचलले.

पोथीदादा त्या वर्षी आला नाही आणि पुढच्या वर्षीही नाही. मग एकदा साळूकडून वाचायला शिकलेला, पठारावर शेळ्या नेणारा एक जण सांगत आला, की पोथ्यांच्या घरात पहिल्याच फडताळावर एक नवी पोथी ठेवलेली दिसते. जाडजूड आहे. तिला हात लावला तर फळ्या कोमट लागतात. आत सगळे काही लिहिलेले आहे, पण सुरुवात कुठे आणि कशासाठी, ते काही केल्या कळत नाही. असेच वाचायला शिकून गावातून पुढे पुष्कळ जण त्या घरात जाऊन आले. उंबऱ्यावर एकच गोष्ट सांगून गेले, तेवढी घेऊन परत आले. ती पोथी मात्र कोणाच्याच कामाची नव्हती.

काय शोधायचे हे ज्याने ठरवले नाही, त्याला सापडलेलेही सापडत नाही.